हात न लावायचं रान

"हाऽऽ हो... हाऽऽ हो... उठा रं पाखरांनो, पलीकडं जावा. ह्यो तुकडा आमचा, त्यो माळ तुमचा."

गेनबाचा हा आवाज थांबून कैक पावसाळे लोटले होते. पण उडदाच्या पिठात पाणी घालता घालता मैनाला तो ऐकू आला, अगदी मागच्या खिडकीतून यावा तसा, आणि तिचा हात परातीतच थांबला.

जोंधळा हुरड्यात आलेला. मचाणावर आबा, तिचे वडील गेनबा, उभे, हातात गोफण, आणि खाली परकर-पोलक्यातली मैना. गोफणीतलं ढेकूळ सुटायचं, पण पाखराला कधी लागायचं नाही. थव्याच्या अलीकडे पडायचं, नाहीतर पलीकडे. "आबा, नेम चुकला," असं ती म्हणाली की आबा हसायचे. "पाखराला मारायचं नसतं, मैने. त्येला जागा दावायची असती. जागा दावल्याबिगर हाकलनं म्हंजी निस्तं हुसकावनं." खुरपायला बसल्यावरही त्यांचा एक दंडक होता. तणात लावीचं नाहीतर चंडोलाचं घरटं सापडलं, तर त्याच्याभोवती हातभर गवत तसंच सोडायचं. साऱ्या खुरपलेल्या रानात तेवढाच झुबका उभा असायचा, हजामत करताना शेंडी राखावी तसा.

"वन्सं, पीठ पातळ व्हईल," कांताबाई म्हणाली.

मैना भानावर आली. पितरांचा पंधरवडा चालू होता आणि आज आबांचा म्हाळ. रानातल्या दोन खोल्यांत सकाळपासून चूल आणि शेगडी दोन्ही पेटलेल्या. तसा थोरल्या भावाचा, रावसाहेबाचा, बंगला गावठाणात होता, प्रशस्त, फरशीवर पाय घसरेल असा. पण गेनबाचा म्हाळ गेनबाच्या रानातच होणार, हे मैनाच्या आईचं, सोजरबाईचं, म्हणणं. तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. म्हणून रावसाहेबाची बायको कांताबाई भल्या पहाटे डबे-पातेली घेऊन इथं आली होती, आणि मैना बिबवेवाडीहून पहिल्या बसने.

"वेलदोडं आनलंय का?" कांताबाईने विचारलं आणि स्वतःच मैनाच्या कापडी पिशवीत हात घातला. दुसऱ्या क्षणी तिने बोट झटकलं. "अगं आई. कुसळ घुसलं की. बिबवेवाडीत कुसळ कुठनं आनलं तुमी?"

"बसमध्ये लागलं असेल."

"बशीत गवत उगवाया लागलं का आता? म्हापालिकेनं कायतरी उगवलं म्हनायचं."

मैना हसली. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच वाळलं. पिशवी तिने पायाने हळूच पोत्याच्या मागे सारली.

कोपऱ्यात सोजरबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. फक्त पदर पुढे ओढला, आणि बोटं पदराखाली घेतली. त्या बोटांच्या पेरांत हिरवा डाग बसला होता, आता काळपट पडलेला. मैनाच्याही बोटांत तो होता. तिचा उडदाच्या पिठात बुडालेला होता म्हणून बरं.

*

परवाचीच गोष्ट. उडीद दळून ठेवायला म्हणून मैना आली, तर घराला कडी आणि आई कुठे दिसेना. हाक मारत ती रस्त्याच्या बाजूला गेली. तिथे गवतात डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता, पाण्यात बगळा बसावा तसा.

ते साधंसुधं गवत नव्हतं. आबा पाखरांना ज्या माळावर धाडायचे, तो पलीकडचा माळ आता राहिला नव्हता. तिथं काचेच्या खिडक्यांची उंच उंच वसाहत उभी राहत होती. ती बांधणाऱ्या कंपनीला परवानगी देताना अट घातली होती, की जेवढा माळ गिळाल तेवढा दुसरीकडे जिवंत करून द्यायचा आणि तीस वर्षं जपायचा. धाकट्या भावाची, इंद्रजीतची, मुलगी तेजस्विनी गवतांवरच शिकलेली. तिनेच आजीचं रान सुचवलं. करार झाला. वर्षाला ठरलेला मोबदला, जमीन घरच्यांचीच. फक्त तिथे नांगर नाही, कुळव नाही, खुरपं नाही. पवन्या, मारवेल, कुसळीचं बी एकदा विस्कटायचं आणि हात मागे घ्यायचे.

दोन पावसाळ्यांत गवत कमरेला आलं. तुरे रुपेरी झाले. वारा आला की सगळं रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं.

आणि त्यात आई खुरपं घेऊन बसलेली.

"आई, तेजूनं हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?"

"तेजूला शेरात गवत वर्गात दावत्यात. तिच्या आज्याच्या म्हाळाला भावकी येनार, ती ह्याच रस्त्यानं येनार. गेनबाच्या रानात एवढालं गवत बघून काय म्हनतील? गेनबा गेला आन् रान पोरकं झालं. सगळं न्हाई काढत गं. रस्त्यावरनं दिसतं तेवडंच."

मैनाने आईचा हात धरून तिला उठवायला हवं होतं. तेजूला कळलं तर बिचारी रडेल, हे तिला कळत होतं. पण कोनाड्यात दुसरं खुरपं होतं, तिच्या लहानपणीच्या मुठीचं, आणि ते अजून तिच्या हाताला ओळखत होतं. पिशवी बांधावर ठेवून ती आईशेजारी बसली. थोड्या वेळाने आईने सूर धरला, बारीक, अनुनासिक, जात्यावरचा:

तण काढू काढू बाई, हिरवी झाली माझी बोटं
धन्याच्या गं रानाला, कुनी म्हनू नये खोटं

लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण आईशेजारी नुसतं बसायला मैनाला कधी मिळालं नव्हतं. माहेरपण म्हणजे पाहुणी होऊन खाटेवर बसणं, चहा घेणं, निघताना पिशवी भरून घेणं. त्या दुपारी ती पाहुणी नव्हती. दोघींची खुरपी एका तालात पडत होती. मधेच गवतातून लावी भुर्रकन उडाली, आणि दोघी न बोलता एकदम थांबल्या. एकीने उजवीकडून खुरपं वळवलं, दुसरीने डावीकडून. झुबका राहिला.

परत निघताना आई म्हणाली, "इंद्राला कळू दिऊ नगं. त्यो टपलेलाच हाय. आईचं वय झालं, आई एकटी रानात नगं, आई कोथरूडला चल. त्येच्या त्या चौथ्या मजल्यावर मला नेऊन ठिवंल. म्हाळ हुस्तवर तोंडाला कुलूप घाल. मैने, तुला माजी आन."

मैनाने मान हलवली. बसमध्ये बसल्यावर तेजस्विनीचा मेसेज आला. 'आत्या, म्हाळाच्या दिवशीच कराराची तपासणी ठेवलीये. सगळे असतीलच ना, तर मॅडमना भेटता येईल. गवत काय सॉलिड आलंय बघ तू. रस्त्याकडची पट्टी तर बेस्ट.' खाली रुपेरी तुऱ्यांचा फोटो, जुना.

श्यामसुंदर, तिचा नवरा, दोनदा म्हणाला, "माहेरी जाऊन आलीस की चार दिवस गात असतेस. या खेपेला काय झालं?"

*

म्हाळाच्या सकाळी तेजस्विनी रानातून परत आली ती पळत नव्हे, चालत. म्हणूनच मैनाला धडकी भरली. पोरीच्या हातात मुळासकट उपटलेल्या गवताची एक काडी होती.

"कोणीतरी साफ केलंय," ती उंबऱ्यातच म्हणाली. "रस्त्याकडची अख्खी पट्टी. बी गळायला आठवडा राहिला होता, आत्या. जस्ट एक आठवडा. तिथूनच बाकीच्या रानात बी जाणार होतं."

पडवीत पत्र्याखाली खुर्च्या टाकून दोघे भाऊ बसले होते. रावसाहेब टोपी काढून वारा घेत होता, इंद्रजीत फोनवर ऑफिसला उत्तरं देत होता. समोरचा रस्ता कालच ड्रेनेजसाठी खणलेला असल्याने सकाळी सगळे मागच्या कॅनॉलच्या वाटेने आले होते, म्हणून पट्टी कुणाच्या नजरेला पडली नव्हती. मैनाला मधेच वाटून गेलं, भावकीही त्याच वाटेने येईल. ज्यांच्यासाठी आईने कंबर मोडून घेतली, त्यातला एकही जण ती पट्टी बघणार नाही.

इंद्रजीत उठून रान बघून आला. परत आला तेव्हा त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता. लहानपणापासून त्याचा राग असाच यायचा, लोण्यात सुरी घातल्यासारखा.

"दादा, काम फार नेटकं झालंय. बरोबर रस्त्याला लागून. मागचं गवत जागच्या जागी. प्लॉट पाडायला पुढची बाजू मोकळी लागते, नाही का?"

रावसाहेबाने टोपी मांडीवर ठेवली. "म्या केलं म्हनतोस?"

"मी कुठे काय म्हणतोय? मी कोथरूडात राहतो, मला शेतीतलं काय कळतं. फक्त तू ज्यांना खडी-वाळू पोचवतोस, ते प्लॉटिंगवाले गेल्या आठवड्यात इथं गाडी लावून उभे होते. आईच म्हणाली."

"उभं ऱ्हायला काय जातंय? रस्ता सरकारी हाय. म्या आठवडा झाला इकडं फिरकलो बी न्हाई."

"फिरकायला कशाला लागतं. फोन आहे की."

कांताबाई झारा हातात घेऊनच बाहेर आली. "भावजी, ह्या मानसानं ह्या रानाच्या पाण्याची पाळी रातीबेराती धरली. तवा तुमी होस्टेलात मेसच्या भाजीला नावं ठेवत व्हता. आज त्येला इचारताय?"

"वहिनी, पाण्याच्या पाळीचे उपकार आम्ही दर म्हाळाला ऐकतो. आज गवताचं बोलू."

"बाबा, प्लीज," तेजस्विनी म्हणाली. "आप्पा असं करणार नाहीत." आणि मग, क्षणभर थांबून, "नाही ना, आप्पा?"

रावसाहेबाने पुतणीकडे पाहिलं. हिला त्याने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. इंद्रजीतच्या दहा वाक्यांनी झालं नव्हतं ते त्या एका 'नाही ना'ने झालं. त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

आत मैनाने वडा तेलात सोडला. तो तळाशी गेला आणि वर यायला फार वेळ लागला असं तिला वाटलं.

"आई, तू रोज इथंच असतेस," इंद्रजीत आत येऊन म्हणाला. "कोण आलं होतं? ट्रॅक्टर आला होता का?"

सोजरबाई तांदळातून खडा शोधत राहिली. "मला दिसत न्हाई आताशा लांबचं."

"बघ. म्हणजे कुणी येऊन रान साफ करून गेलं तरी तुला पत्ता लागत नाही. उद्या घरात शिरलं तर? मी आता ऐकणार नाही. आज मॅडमनी हे फेटाळलं की करार गेला. करार गेला की दादा त्याच्या मित्रांना जमीन देणार, मला ते मान्य नाही, म्हणजे वाटण्या. आणि आई, तू माझ्याकडे. लिफ्ट आहे, गॅलरी आहे, गॅलरीत कुंड्या आहेत."

"कुंड्या," सोजरबाई म्हणाली. एवढंच.

कांताबाई मैनाजवळ सरकली, आवाज खाली घेऊन. "वन्सं, तुमी तरी बोला की. तुमच्या भावाला चोर ठरिवत्यात. तुमी बोललात तर भावजी ऐकतील. भनीचं ऐकत्यात समदी."

जन्मभर तिने भावांच्या ओव्या म्हटल्या होत्या. बंधू सोन्याचा, बंधू चोळी देणारा. खरं काय ते सांगितलं तर दादा सुटेल आणि आई जाईल. गप्प बसलं तर आई राहील. पण किती दिवस? वाटण्या झाल्यावर ह्या दोन खोल्या कुणाच्या वाट्यात? ती दोन्ही बाजूंनी मोजून बघत होती आणि दोन्हीकडून काहीतरी तुटतच होतं. तिने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच कडी घातली.

"मी काय बोलू, वहिनी," मैना म्हणाली. "मी सासुरवाशीण."

कांताबाईने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पिठाळ बोटांकडे, मग झारा कढईत घातला.

*

पूर्णिमा मॅडम कॅनॉलच्या वाटेने स्कूटरवर आल्या. पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला सुती रुमाल. अट नीट पाळली जाते की नाही हे पाहायला त्यांची नेमणूक होती. कंपनीच्या नव्हेत आणि घरच्याही नव्हेत. चहा नको म्हणाल्या, आधी रान बघू म्हणाल्या. सगळे त्यांच्यामागे निघाले. सोजरबाई घरातच राहिली, म्हणजे तशी राहिली असं सगळ्यांना वाटलं.

मागच्या रानात गवत इतकं दाट होतं की वाट काढताना साड्या-पँटींना तुरे चिकटत होते. मॅडम मधे मधे वाकत, काडी दुमडून बघत, "छान, छान" असं स्वतःशी म्हणत. दर 'छान'ला तेजस्विनीचा चेहरा आणखी उतरत होता. पुढे काय येणार हे तिला माहीत होतं.

मग गवत संपलं. एकाएकी, कातरल्यासारखं.

पट्टी उघडी पडली होती. मातीचा काळा-तांबूस रंग उन्हात वाळून फिका झालेला. बांधावर उपटलेल्या गवताचा ढीग, त्यात रुपेरी तुरे अजून चमकत होते. रस्त्यापलीकडे, जिथं एकेकाळी पाखरांचा माळ होता, तिथे क्रेन हळूच वळत होती.

मॅडमनी रुमालाने मान पुसली.

"ही तर सगळ्यात उत्तम पट्टी होती."

"तेच म्हणतो मी," इंद्रजीत म्हणाला. "आमच्या घरात जरा अंतर्गत मतभेद आहेत. करारावर त्याचा परिणाम होऊ नये."

"मतभेदांनी गवत उपटलं?" मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या आणि पट्टीच्या मधोमध चालत गेल्या.

तिथे एक झुबका उभा होता. हातभर घेराचा, गोल, चारी बाजूंनी माती निपटलेली. मॅडम उकिडव्या बसल्या. दोन बोटांनी गवत जरासं बाजूला करून त्यांनी आत पाहिलं आणि लगेच बोटं काढून घेतली.

"अंडी आहेत. लावीची." त्यांनी वर पाहिलं. "ट्रॅक्टर नव्हता हा. हातांनी झालंय. आणि ज्यानं केलं त्यानं एवढं मात्र सोडलं."

रावसाहेब झुबक्याकडे बघत होता. नुसता बघत होता. मैनाला दिसलं, त्याचा जबडा आधी घट्ट झाला आणि मग सैल. मचाणाखाली तोही होता की, तिच्याआधीपासून. हा दंडक पाळणारे हात जगात किती उरलेत, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने मान वळवून घराकडे पाहिलं. मग मैनाकडे. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, ते तिला सोसवेना.

"म्या केलं," रावसाहेब म्हणाला.

"अहो," कांताबाईच्या तोंडून निघालं.

"तू गप बस. म्या केलं, मॅडम. मानसं लावून केलं. म्हाळाला भावकी येनार, म्हनलं जरा बरं दिसंल. चुकलं माझं."

"ऐकलंस तेजू?" इंद्रजीत म्हणाला. पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. त्याला बहुधा भावाने भांडावं असं वाटत होतं. भावाने अशी मान खाली घातली की पुढचं वाक्य सुचत नाही. तेजस्विनीने तोंड फिरवलं.

मॅडम उठल्या, गुडघे झाडले. "हे बघा, यंदाचं या पट्टीचं बी गेलं. ते गेलं. बाकीचं रान चांगलं आहे, ते मी बघितलं. एका पट्टीनं सगळं बुडत नाही. मी जे दिसलं तेच कळवणार आहे. पण एक गोष्ट मला विचारलीच जाईल, म्हणून मी तुम्हाला विचारते. हे पुन्हा होणार का? पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी? ह्यातलं कोण सांगू शकेल मला?"

"न्हाई व्हनार," रावसाहेब म्हणाला. "माझा शबुद."

क्रेन थांबली होती. वारा पडला होता. मैनाला तो शब्द दादाच्या तोंडून सुटून हवेत जाताना दिसला, गोफणीतल्या ढेकळासारखा. तो आता कुठंतरी पडणार होता. पुढच्या म्हाळाला, किंवा त्याच्याही आधी, एका सकाळी आई खुरपं घेऊन बाहेर पडणार होती, आणि दादाचा शब्द तिच्या खुरप्याखाली येणार होता.

"दादा, शब्द देऊ नकोस," ती म्हणाली.

"मैने, तू न्हाई बोलायचं."

"देऊ नकोस. हे पुन्हा होईल, मॅडम. दादानं नाही केलं. मी केलं. परवा दुपारी, ह्या हातांनी." तिने हात पुढे केले. पीठ धुवून गेलं होतं, पेरांतला काळपट हिरवा रंग राहिला होता. "वहिनी, ते कुसळ बसमधलं नव्हतं."

"त्ये मला मगाशीच कळलं," कांताबाई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. "बशीत गवत उगवतंय व्हय."

"तू?" इंद्रजीत म्हणाला. "तुला काय पडलं होतं? बिबवेवाडीहून येऊन इथलं गवत उपटायला?"

मैनाला आईने घातलेली आण आठवली. पण तिला उत्तर द्यावं लागलं नाही. मागच्या गवतात सळसळ झाली, तुरे बाजूला झाले, आणि सोजरबाई बाहेर आली. अनवाणी. पदराला, केसांना कुसळं लागलेली. एका हातात काठी आणि दुसऱ्यात खुरपं.

"तिला वरडू नगं, इंद्रा. तिनं निस्ती सोबत केली."

"आई, एवढ्या उन्हात तू—"

"उन्हाचं मला सांगतोस?"

तेजस्विनी पुढे झाली, आजीचा दंड धरला. "आज्जी, मला सांगायचंस ना. मी समजावलं असतं. हे तण नाहीये गं. हे पीकच आहे, वेगळं."

"त्ये कळतंय मला, बाळा. तू लई चांगलं समजावलं व्हतंस. पाखरं बी परतून आल्यात, त्ये बी म्या बघते. लावी आली. चंडोल वर चढून गातंय सकाळच्या पारी." खुरप्याची मूठ तिने छातीशी धरली होती. "भावकी येनार म्हनून खुरपलं, आसं मैनीला सांगितलं म्या. तिला खरं वाटलं."

"मग?" इंद्रजीतने विचारलं. या वेळी त्याचा आवाज मऊ नव्हता, नुसता लहान झाला होता.

सोजरबाईने एकेकाकडे पाहिलं. थोरल्याकडे, धाकट्याकडे, लेकीकडे. मॅडमकडेही पाहिलं, त्या परक्या आहेत म्हणून नजर चुकवली नाही.

"दोन वर्सांखाली तुमी समदी मिळून इचाराय आला. आई, चालंल का. म्या म्हनले, तुमी म्हनाल तसं. त्ये खरं न्हवतं. तुमचं तोंड बघून म्हनले. तवापसनं रोज सकाळी उठते, दाराम्होरं हुबी ऱ्हाते. समदं हिरवंगार हाय आन् कुनी मला बलवत न्हाई. जलमभर ह्या रानानं हाका मारल्या. खुरपाय ये, राखाय ये, पानी दे. आता त्ये म्हनतंय, हात लावू नगं. कोथरूडला बी हात लावाय काय न्हाई, कुंड्या हायेत." तिने खुरपं खाली केलं, पण सोडलं नाही. "तुमचा आबा पाखराला बी उगंच हुसकायचा न्हाई. आदी जागा दावायचा, मंग हाकलायचा. मला हितनं हाकलताय, तर मला कुठला माळ दावताय, तेवडं सांगा."